एकट्याने पायी नर्मदा परिक्रमा: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

एकटीने परिक्रमेला निघते म्हटल्यावर घरच्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "भीती नाही वाटणार?" वाटली, काही वेळा. पण एकट्या माणसाला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त नडतं. आता थांब, बस, पाय बघ, पाणी पी, हे सांगणारं शेजारी कुणी नसतं. जोडीने चालणाऱ्यांत एकजण थकला की दुसरा थांबतो. एकट्याला ते स्वतःच ओळखावं लागतं आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांचं चुकतं ते इथेच. माझंही चुकलं. खाली जे सांगते आहे त्यातलं बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी परिक्रमा म्हणजे काय ते थोडक्यात. अमरकंटकला उगम पावून भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. तिला कायम उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जायचं, समुद्रातून नावेने पलीकडे जायचं, दुसऱ्या काठाने उगमापर्यंत चढायचं आणि मग पहिल्या काठाने निघालो तिथे परत यायचं. मध्ये नर्मदा कुठेही ओलांडायची नाही. तिला मिळणाऱ्या नद्या आणि नाले ओलांडलेले चालतात. वाटेची वळणं, घाट, जलाशयांचे वळसे धरून चालणं तीन हजार किलोमीटरच्या आसपास जातं. शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची, पण आज बहुतेक परिक्रमावासी ती पाच-सहा महिन्यांत करतात. रोजचे वीस किलोमीटर धरले तर १५० दिवस होतात. विश्रांतीचे आणि आजारपणाचे वेगळे. तेवढी मोकळीक नसेल तर टप्प्याटप्प्याने करणारेही पुष्कळ आहेत. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वर्षी उचलायची. तीन महिन्यांत उरकायची म्हणून धावत जाण्यापेक्षा मला ती पद्धत कितीतरी बरी वाटते.

निघायचं कधी

चातुर्मासात परिक्रमा चालत नाही. आषाढी एकादशीला जिथे असू तिथे मुक्काम करायचा आणि कार्तिकी एकादशीनंतर पुढे निघायचं, अशी रीत आहे. म्हणून नवीन परिक्रमाही कार्तिकी एकादशी किंवा त्रिपुरी पौर्णिमेनंतर उचलतात. महाराष्ट्रातले बहुतेक लोक ओंकारेश्वरहून निघतात, कारण आपल्याला ते सोयीचं. मुंबई-इटारसी मार्गावर खांडव्याला उतरायचं, तिथून बसने साधारण ७० किलोमीटर.

तिथून दक्षिण काठाने निघालात तर समुद्र महिन्या-सव्वा महिन्यात येतो. मग उत्तर काठाचा लांब पल्ला, फाल्गुनाच्या सुमारास अमरकंटक आणि शेवटचा दक्षिण काठ चैत्र-वैशाखात. याचा अर्थ नीट समजून घ्या. हाडं गोठवणारी थंडी आणि ओंकारेश्वरच्या आसपासच्या निमाड भागातला चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा दोन्ही एकाच पिशवीत सांभाळायचे आहेत. शेवटच्या महिन्यात सकाळी दहानंतर चालणं धोक्याचं होतं. तेव्हा पहाटे चारला निघून दहाच्या आत सावलीला बसायची सवय हवी. निघायला जितका उशीर कराल तितका हा उन्हाचा टप्पा वाढेल, म्हणून कार्तिक सोडू नका.

घरी असताना करायचा सराव

पंढरीची वारी केलेल्यांना वाटतं की आपल्याला चालायची सवय आहे. आहेच. पण आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, पुढे-मागे माणसं, मुक्काम ठरलेला, जेवणाची पंगत ठरलेली. परिक्रमेत ओझं आपल्या पाठीवर आणि रात्रीचा मुक्काम दुपारपर्यंत माहीत नसतो. वारीच्या पुण्याईने पाय तयार होतात, खांदे होत नाहीत.

म्हणून निघण्याआधी तीन महिने रोज एक तास चाला आणि शेवटचे दीड महिने पाठीवर भरलेली पिशवी घेऊनच चाला. आठवड्यातून एकदा १५ किलोमीटर आणि महिन्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस १८-२० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा तेवढंच चालता येतं का, हे बघायचं असतं. एका दिवसात तीस किलोमीटर कुणीही मारतं.

चैत्रात गुजरातमधली उत्तरवाहिनी परिक्रमा आधी करून बघा, असंही मी सांगेन. रामपुरा आणि तिलकवाडा यांच्यामध्ये नर्मदा उत्तरेकडे वाहते. त्या भागाची वीसेक किलोमीटरची ही परिक्रमा एका दिवसात होते. तिथे काठ बदलण्यासाठी नदी ओलांडायची परवानगी असते, बाकी सगळी चव मोठ्या परिक्रमेचीच. 'नर्मदे हर' म्हणत अनोळखी माणसाच्या हातचा चहा घ्यायला आपण तयार आहोत का, ते तिथे कळतं.

पिशवी

पाण्यासकट सहा-सात किलो, याच्या वर नाही. मी घरून निघाले तेव्हा साडेनऊ किलो होते. पाचव्या दिवशी एका आश्रमाच्या ओसरीवर मी पिशवी उलटी केली. दुसरी शाल, जाडजूड ग्रंथ, स्टीलचा डबा, सुकामेव्याची पाकिटं आणि तीन जादा कपडे तिथेच ठेवून दिले. आश्रमातल्या माताजी हसून म्हणाल्या, "सब यहीं छोड़ के जाते हैं, मैया." त्यांच्या कोपऱ्यातल्या कपाटात असंच सोडलेलं सामान रचून ठेवलेलं होतं.

लागतं ते एवढंच: पांढऱ्या सुती कपड्यांचे दोन जोड, एक हलकी पण उबदार झोपायची पिशवी किंवा पातळ ब्लँकेट, खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद, कानटोपी, लोटा, ताटली, विजेरी, मोबाइल आणि चार्जिंगची बँक, सुई-दोरा, काडेपेटी, व्हॅसलिन, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आधार कार्ड आणि त्याच्या दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, थोडे सुटे पैसे. पूजेसाठी नर्मदाजलाची छोटी बाटली, उदबत्ती, वाती. हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी, ओढ्यातल्या दगडांसाठी आणि संध्याकाळच्या गुडघ्यांसाठी.

बूट नवे घेऊ नका. दोन महिने वापरलेले आणि एक नंबर मोठे हवेत, कारण रोज चालून पाय सुजतात आणि नेहमीच्या मापात बसत नाहीत. आश्रमात घालायला हलकी चप्पल. अनवाणी परिक्रमा करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पहिल्यांदा आणि एकट्याने निघताना तो संकल्प करू नये.

ओंकारेश्वरचे दोन दिवस

पोहोचल्या दिवशीच परिक्रमा उचलण्याची घाई नको. नदीतल्या मांधाता बेटावर ओंकारेश्वराचं दर्शन आधीच घेऊन ठेवा. एकदा परिक्रमेचा संकल्प केला की बेटावर जाता येत नाही, कारण तिथे जाणं म्हणजे नर्मदा ओलांडणं. दक्षिण काठावरच्या ममलेश्वराचं दर्शन मात्र होतं.

संकल्प घाटावर गुरुजी सांगतात. स्नान, नर्मदेचं पूजन, बाटलीत जल भरणं, कन्यापूजन, कढई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद. पुरुषांपैकी बरेच जण मुंडण करतात. दक्षिणा आधी विचारून घ्या, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र नगर परिषदेकडून मिळतं. आधार कार्ड आणि फोटो त्यासाठीच बरोबर हवेत. वाटेत ठिकठिकाणी आश्रम आणि ग्रामपंचायती वहीवर शिक्के मारून देतात, म्हणून एक पातळ वही ठेवा. एकट्या माणसाला या वहीचा खरा उपयोग असा की अनोळखी गावात ती पुढे केली की आपण कोण, कुठून आलो, हे दोन मिनिटांत कळतं.

बाटलीतलं जल रोज पूजायचं, नव्या घाटावर त्यात थोडं ताजं मिसळायचं. नदीत साबण लावायचा नाही, कपडे काठापासून दूर बादलीत धुवायचे. पायी परिक्रमेत वाहनात बसायचं नाही. यातला शेवटचा नियम सर्वांत अवघड जातो, कारण रस्त्यावर दर तासाला कुणीतरी मोटरसायकल थांबवून "बैठ जाओ, बाबाजी" म्हणतं, तेही अगदी मनापासून. हात जोडून "पैदल का संकल्प है" म्हटलं की पुरतं.

दिवस कसा जातो

पहिला आठवडा १२ ते १५ किलोमीटरच. तुम्हाला वाटेल आज अजून सहज जाईल. जाऊ नका. फोड पहिल्या आठवड्यात येतात आणि पुढच्या चार आठवड्यांचं चालणं ठरवतात. फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. त्याच क्षणी रस्त्याच्या कडेला बसा, पायमोजा काढा, पाय वाळवा, चिकटपट्टी लावा. गाव दिसतंय, तिथे जाऊन बघू, असं म्हणालात की फोड आलाच. आला तर वरची कातडी काढू नका. सुई ज्योतीवर धरून शुद्ध करा, कडेने पाणी काढा, मलम लावून झाका. मधुमेह असेल तर हे घरगुती उपाय नकोत, जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

पहाटे उठून आरती, पूजा आणि उजाडताच चालायला सुरुवात. वाटेत कुणीतरी बालभोग म्हणजे नाश्ता देतं, चाय प्रसादी तर दिवसातून पाच-सहा वेळा होते आणि ती अतिशय गोड असते. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास भोजन प्रसादी. निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, पुढे डाळ आणि टिक्कड, वरच्या भागात गक्कड-भर्ता, शूलपाणीच्या डोंगराळ भागात मक्याची भाकरी. काही ठिकाणी शिजवलेलं अन्न न देता सदाव्रत देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची. चूल पेटवून आपलं आपण करायचं. एकट्याला स्वतःपुरती खिचडी रांधता आली तरी भागतं.

आपल्या मध्यमवर्गीय माणसाला सर्वांत जड जातं ते हे घेणं. मीही सुरुवातीला प्रत्येक चहाचे पैसे पुढे करायची. एका टपरीवाल्याचा चेहरा पडलेला पाहिला आणि बंद केलं. तो मला देत नव्हता, मैयाला, म्हणजे नर्मदेला देत होता. मी मध्ये पैसे आणून त्याची सेवा हिसकावून घेत होते. आश्रमात मात्र दानपेटीत यथाशक्ती टाका आणि हाताने काहीतरी करा. भाजी निवडा, अंगण झाडा, भांडी घासू लागा. अलीकडे परिक्रमावासींची संख्या फार वाढली आहे आणि छोट्या गावातल्या आश्रमावर त्याचा भार पडतो. वाढून घेतलेलं पानात टाकू नका. पुढच्या दिवसासाठी साठवूही नका.

चारच्या आत आसन

हा मुद्दा मी वेगळा काढला, कारण एकट्याने चालणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी हा विसरू नये. दुपारी चारला जिथे असाल तिथे मुक्कामाचं बघायचं. तिकडच्या भाषेत आसन लावायचं.

अकराव्या दिवशी मी हे मोडलं. साडेतीनला एका गावात आश्रमातल्या बाबाजींनी हाक मारली, "मैया, आसन लगा लो." पाय छान चालत होते, पुढचं गाव सहा किलोमीटरवर आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. मी नमस्कार करून पुढे निघाले. सहा किलोमीटर रस्त्याने होते, मी धरलेली काठाची वाट नाल्यापाशी संपली. वळसा घालता घालता अंधार झाला. मार्गशीर्षातला अंधार, सहालाच मिट्ट. विजेरीच्या उजेडात पायाखालचं ढेकूळ दिसतं, पण वाट दिसत नाही. तासाभराने दूरवर एक दिवा हलताना दिसला. मी "नर्मदे हर" म्हणून ओरडले आणि तिकडून लगेच "नर्मदे हर" आलं. शेतकरी गव्हाला पाणी देत होता, कारण शेताची वीज रात्रीची असते. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला मफलर. त्याने फावडं खाली ठेवलं, बारं मोडलं, मला बांधाबांधाने घरी नेलं, बायकोच्या हवाली केलं आणि पुन्हा पाण्यावर गेला. माझ्यामुळे त्याची तासाभराची वीज वाया गेली होती. सकाळी निघताना तो एवढंच म्हणाला, "चार बजे के बाद परकम्मावासी को चलना नहीं चाहिए."

आसन कुठे लावायचं? आश्रम, धर्मशाळा, मंदिर, शाळेचा व्हरांडा, पंचायतीची खोली, कुणाचं घर. सकाळी निघतानाच तिथल्या लोकांना पुढची व्यवस्था विचारा: पुढे कोणतं गाव, किती अंतर, मध्ये पाणी आहे का, राहायला कोण देतं. एकाला विचारून भागत नाही, तिघांना विचारा. अंतराच्या बाबतीत तर चौघांना. कुठेही पोहोचल्यावर आधी जागा बघा, मग "आसन लगा सकते हैं?" असं विचारा. मन कचरत असेल, माणसं प्यायलेली वाटत असतील, तर नमस्कार करून निघा. चारला थांबण्याचा खरा फायदा हाच की नको वाटलं तर दुसरं गाव गाठायला उजेड हातात असतो.

रोज रात्री घरी एक निरोप जाऊ द्या: गावाचं नाव, तालुका, कुणाकडे उतरले, उद्या कुठे. नेटवर्क नसणाऱ्या पट्ट्यात शिरण्याआधी सांगा की अमुक दिवस फोन येणार नाही. हे सांगितलं नाही तर घरचे तिकडे जीव टांगणीला लावून बसतात.

नदी आणि धरणं

तुम्ही मराठीतली परिक्रमेची जुनी वर्णनं वाचली असतील. त्यातली वाट डोळे झाकून धरू नका. सरदार सरोवर, ओंकारेश्वर, इंदिरा सागर, बरगी या धरणांच्या जलाशयांखाली जुनी काठाची वाट आणि कितीतरी घाट, गावं गेली आहेत. सरदार सरोवर तर सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. अनेक ठिकाणी आता काठापासून लांब, डांबरी रस्त्याने चालावं लागतं. मैया दिसत नाही म्हणून मन खट्टू होतं, पण वाट तीच आहे.

धरणाखालच्या घाटांवर आंघोळीला उतरताना पाणी आहे तेवढंच राहील असं धरू नका. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भुतडी अमावास्येच्या यात्रेत इंदिरा सागरचं पाणी सोडल्याने लोंढा आला आणि झोपलेले, नदीत उतरलेले कितीतरी भाविक वाहून गेले. म्हणून वाळवंटात किंवा खडकांवर रात्री झोपू नका. भोंगा वाजला की सामानाचा विचार न करता वर या. गुजरातच्या बाजूला मगरीही आहेत. पाटी लावलेली असो वा नसो, गावातली माणसं जिथे उतरतात तिथेच गुडघाभर पाण्यात बसून लोट्याने स्नान करा. एकट्याने पोहायला तर कधीच जाऊ नका.

वाटेतली काही ठिकाणं

दक्षिण काठाने निघाल्यावर थोड्याच दिवसांत रावेरखेडी येतं. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी २८ एप्रिल १७४० रोजी इथे देह ठेवला. नदीकाठी त्यांची समाधी आहे. दोन मिनिटं नव्हे, तासभर बसा. मी बसले तेव्हा आवारात एक म्हातारा माणूस केर काढत होता आणि पलीकडे मैया अगदी संथ होती. जवळच बकावा गाव, जिथे नर्मदेच्या दगडाची शिवलिंगं घडवतात. तिथून एकही विकत घेऊ नका, पुढचे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर ते तुमच्याच पाठीवर असेल.

पुढे बडवानीजवळच्या राजघाटनंतर शूलपाणीची झाडी लागते. सातपुड्याचा डोंगराळ पट्टा, भिल्ल, भिलाला आणि पावरा लोकांची वस्ती, एका टेकडीवर एक घर तर दुसऱ्या टेकडीवर दुसरं. पूर्वी इथे परिक्रमावासींना लुटत, अंगावर लंगोटी तेवढी ठेवत, असं सगळे सांगतात. आज तीच माणसं 'नर्मदे हर' म्हणून थांबवतात आणि मक्याची भाकरी वाढतात. या पट्ट्यातच वाट नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात शिरते आणि अचानक शाळेच्या भिंतीवर मराठी पाटी दिसते. मला तिथे रडू आलं होतं. चढ मात्र खरे आहेत, नेटवर्क तुटक, दवाखाना लांब. एकट्याने निघालेल्यांना माझं सांगणं आहे की हा एवढा पट्टा तरी दोघा-तिघांच्या सोबतीने करा. वाटेत भेटलेले परिक्रमावासी राजघाटच्या आसपास आपोआप एकत्र येतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर डोंगर टाळून शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, खापर असा बाहेरचा रस्ताही आहे. तो धरल्याने परिक्रमा कमी होत नाही.

गुजरातमध्ये सेवा फार मोठी आहे, वाट सपाट आहे. दक्षिण काठाचा शेवट हांसोटजवळच्या कठपोरला होतो. इथून नाव रेवासागर संगमाला, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते त्या जागेला, वळसा घालून उत्तर काठावरच्या मीठी तलाईला जाते. नाव भरतीवर सुटते, त्यामुळे वेळ मध्यरात्रीची असू शकते, पहाटेची असू शकते. नाव नोंदवून थांबावं लागतं, गर्दी असेल तर एखादा दिवस जास्त. तीन-चार तासांचा प्रवास. कागदपत्रं आणि मोबाइल प्लास्टिकमध्ये बांधा, लाइफ जॅकेट मागून घ्या, नाव ठासून भरली असेल तर पुढच्या खेपेला थांबा. उतरताना चिखल असतो, चप्पल हातात घ्या.

उत्तर काठावर नारेश्वर आणि गरुडेश्वर ही दत्तभक्तांची ठिकाणं. गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींची, म्हणजे सिंधुदुर्गातल्या माणगावच्या वासुदेवानंद सरस्वतींची समाधी आहे. १९१४ साली ते तिथे ब्रह्मलीन झाले. इथे चार मराठी शब्द कानावर पडतात, वरण-भाताची आठवण निघते. पुढे महेश्वरचा अहिल्याबाईंचा घाट, नेमावर, भेडाघाट, जबलपूरचा ग्वारीघाट, दिंडोरी. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, तिथली पहाट फार बोचते. उगमाच्या मागून, माई की बगियाला वळसा घालून काठ बदलायचा. तिथे कुणाला तरी वाट विचारून घ्या, नकळत धार ओलांडली जाऊ नये.

एकट्या बायकांसाठी

तुम्हाला 'माताजी', 'मैया' म्हणतील आणि त्या शब्दाला वाटेवर वजन आहे. तरीही काळजी घ्याच. मुक्काम जिथे बायका आहेत अशा घरात किंवा आश्रमात. पहाटे पूर्ण उजाडल्याशिवाय निर्जन वाट धरू नका. एकटी आहात का, असं रस्त्यात कुणी विचारलं तर "मागे लोक येत आहेत" म्हणायला हरकत नाही. कुणी उगाच बरोबर चालू लागला तर पुढच्या घरी पाणी मागायला थांबा आणि त्याला पुढे जाऊ द्या. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ फोनमध्ये हाताशी ठेवा.

पाळीच्या दिवसांचं मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून सांगते. काही जणी ते दिवस एका जागी थांबतात, काही चालतात पण जलाची पूजा करत नाहीत. आश्रमांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. तिथल्या माताजींना हळूच विचारा, त्या नीट सांगतात. मी पहिले दोन दिवस थांबायची. शरीरालाही ते हवंच होतं. साधनं तालुक्याच्या गावात भरून घ्या आणि वापरलेली नदीकाठी टाकू नका.

ताप आला तर

चालायचं नाही. एवढंच. दोन दिवस ताप उतरला नाही तर आरोग्य केंद्र, रक्ततपासणी. उपचारासाठी वाहनाने जावं लागलं तर जा आणि ज्या जागी वाट सोडली तिथे परत येऊन पुढे चाला. परिक्रमा खंडित होईल या धास्तीने अंगात ताप घेऊन चालणारे मी पाहिले. त्यातल्या एका काकांना गावकऱ्यांनी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. चालणं थांबवायला आपल्या मनात जी लाज वाटते, ती मैयाने घातलेली नसते.

शेवटचे दिवस

ओंकारेश्वर जवळ आलं की पाय आपोआप वेग धरतात. त्याच दिवसांत ऊन सर्वांत कडक असतं आणि शरीर सर्वांत थकलेलं. मी शेवटचे चार दिवस रोज दहा-बारा किलोमीटरच चालले. परत आल्यावर घाटावर पूजन, कन्याभोजन, कढई, मग बेटावर जाऊन ओंकारेश्वराला बाटलीतलं जल वाहायचं. इतके महिने उजव्या हाताला ठेवलेली नदी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडायची असते. पुलावर मी मध्येच थांबले आणि पाय पुढे टाकायला बराच वेळ लागला.

म्हणून परतीचं तिकीट आधी काढून ठेवू नका.